कंपनी म्हणते, 'राजीनामा लिहून द्या'. सही करण्याआधी हा हिशोब माहिती हवा

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातून ऊसतोडीच्या जोड्या कारखान्यांकडे निघतात. हे दरवर्षीचं चित्र. पण आता अनेक घरांत दुसरंही चित्र दिसतं. आई-वडिलांनी कोयता चालवला आणि मुलगा आयटीआय किंवा पदवी करून वाळूज, रांजणगाव, चाकणच्या कंपनीत लागला. महिन्याला खात्यावर पगार, पीएफ, ईएसआयचं कार्ड. घरासाठी ही कोयता सुटल्याची खूण असते.

अशा मुलाला एक दिवस एचआर केबिनमध्ये बोलावतं. "ऑर्डर कमी झाल्यात, तुमचं नाव यादीत आहे. राजीनामा लिहून द्या, म्हणजे पुढच्या कंपनीत अडचण येणार नाही. फुल अँड फायनल लगेच करून देतो." समोर टाईप केलेला कागद आणि पेन असतो. घाबरून, नाहीतर 'उगाच वाद कशाला' म्हणून बरेच जण सही करतात आणि गावाची गाडी पकडतात.

या सहीची किंमत किती असते? समजून घेऊया.

कपात आणि राजीनामा, फरक काय?

गैरवर्तनाची शिक्षा म्हणून नव्हे, तर इतर कारणानं कंपनी स्वतःहून कामगाराला कमी करते, तेव्हा कायद्याच्या भाषेत त्याला 'रिट्रेंचमेंट' म्हणजे कपात म्हणतात. काम कमी झालं, नवीन मशीन आलं, खर्च वाचवायचा आहे, ही सगळी कारणं त्यात येतात. कपात केली की कंपनीला नोटीस द्यावी लागते आणि भरपाईही.

राजीनामा म्हणजे तुम्ही स्वतःच्या मर्जीनं नोकरी सोडली. मग कपातीची भरपाई लागू होत नाही. कंपनी 'काढतो' न म्हणता 'सोडा' का म्हणते, याचं उत्तर इथं आहे.

आणि ले-ऑफ?

सोशल मीडियावर नोकरी गेली की सरसकट 'लेऑफ झाला' असं लिहिलं जातं. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार पदं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हाही हाच शब्द सगळीकडे होता. आपल्या कायद्यात मात्र ले-ऑफचा अर्थ वेगळा आहे. कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बंद आहे, अशा वेळी कंपनी तात्पुरतं काम देऊ शकत नाही. नाव हजेरीपटावर राहतं, नोकरी जात नाही. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला या काळात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते.

तळेगावच्या जनरल मोटर्स कारखान्याचं उदाहरण आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं आणि एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस लागली. कामगार संघटना न्यायालयात गेली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईनं हा कारखाना घेतला. म्हणून हातात आलेल्या नोटिशीवर 'ले-ऑफ' आहे, 'कपात' आहे की 'कारखाना बंद', ते आधी वाचा. तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

हा हक्क कुणाला आहे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिनं १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेतली. कपातीच्या भरपाईचं मूळ सूत्र मात्र तेच राहिलं आहे.

कंपनीत सलग एक वर्ष सेवा झालेली हवी. १२ महिन्यांत २४० दिवस भरले तरी ते वर्ष धरलं जातं. त्यात साप्ताहिक आणि इतर पगारी सुट्ट्याही मोजल्या जातात.

तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' असायला हवं. मशीन ऑपरेटर, फिटर, हेल्पर, टेक्निशियन, क्लार्क हे सगळे त्यात येतात. त्यांना पगाराची मर्यादा नाही. १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन असलेले सुपरवायझर आणि व्यवस्थापकीय काम करणारे त्यात येत नाहीत. पण इथं पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघितलं जातं. कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' लिहिलंय आणि दिवसभर मशीनच चालवताय, तर तुम्ही कामगारच.

किती पैसे मिळायला हवेत?

एक उदाहरण घेऊ. एका कायम कामगाराची सेवा ७ वर्षं ८ महिने झाली आहे. त्याचं वेतन, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, १८,००० रुपये आहे. त्याची कपात झाली, तर हिशोब असा:

- नोटीस: एक महिन्याची लेखी नोटीस, कारणासह. नोटीस न देता लगेच काढलं तर एक महिन्याचं वेतन, १८,००० रुपये.
- कपातीची भरपाई: प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन. सहा महिन्यांपेक्षा जास्त असलेलं अपुरं वर्ष पूर्ण धरतात, म्हणून ७ वर्षं ८ महिन्यांची ८ वर्षं होतात. ९,००० गुणिले ८, म्हणजे ७२,००० रुपये.
- पुनर्कौशल्य निधी: नव्या संहितेतली ही नवी तरतूद. कंपनीनं १५ दिवसांचं शेवटचं वेतन या निधीत भरायचं आणि ते कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं. सुमारे ९,००० रुपये.
- ग्रॅच्युइटी: इथं १५ दिवसांचं वेतन काढताना महिना २६ दिवसांचा धरतात. १८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ८, म्हणजे सुमारे ८३,०७७ रुपये.

एकूण सुमारे १ लाख ८२ हजार रुपये. शिल्लक पगार, रजेचे पैसे आणि बोनस यापेक्षा वेगळे.

याच कामगारानं राजीनाम्यावर सही केली तर? पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे ग्रॅच्युइटी मिळेलच. पण नोटीस, भरपाई आणि निधी हे तिन्ही जातात. म्हणजे त्या एका सहीची किंमत ९९,००० रुपये. सेवा तीनच वर्षांची असेल, तर कपातीत ५४,००० रुपये मिळायला हवेत आणि राजीनाम्यात यातलं काहीच नाही.

तुमचा आकडा काढताना पगार स्लिप नीट बघा. काही कंपन्या मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवतात. नव्या संहितांनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची असते.

कंपनी मर्जीनं कुणालाही काढू शकते का?

नाही. नियम आहे 'शेवटी आला, तो आधी जाईल'. एका प्रकारच्या कामात जो सर्वात नवा, त्याला आधी कमी करायचं. हा क्रम मोडायचा तर कंपनीनं कारण लिहून ठेवलं पाहिजे. वर्षभराच्या आत पुन्हा भरती निघाली, तर कपात झालेल्या कामगाराला आधी संधी द्यावी लागते.

३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागते आणि नोटीस तीन महिन्यांची असते. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती. त्यामुळे मधल्या आकाराच्या बऱ्याच कारखान्यांना आता परवानगीची गरज उरलेली नाही. पण भरपाई तिथंही द्यावीच लागते.

ठेक्यावर असाल तर?

गेटच्या आत शेजारी-शेजारी उभे असलेले दोघं एकच काम करत असले तरी एक कंपनीचा आणि दुसरा ठेकेदाराचा असू शकतो. ठेकेदाराच्या कामगाराचा मालक ठेकेदार असतो, त्यामुळे भरपाईची मागणी आधी त्याच्याकडे करायची. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

ठरावीक मुदतीच्या करारावर असाल आणि मुदत संपली, तर ती कपात धरली जात नाही. मात्र अशा कामगाराला आता एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी लागू झाली आहे. अप्रेंटिस कायद्याखालचे शिकाऊ उमेदवार 'कामगार' धरले जात नाहीत. त्यामुळे ऑफर लेटरवर यातलं काय लिहिलंय, ते आजच बघून ठेवा.

समोर राजीनाम्याचा कागद आला तर?

- तिथल्या तिथं सही करू नका. "घरी विचारून सांगतो" एवढंच म्हणा. लगेच सही करायला कायद्यानं कुणी बांधील नाही.
- "कपात करत असाल तर तसं लेखी द्या" अशी मागणी ईमेलनं किंवा व्हॉट्सॲपवर करा. तोंडी बोलणं नंतर सिद्ध होत नाही.
- नेमणूक पत्र, पगार स्लिप, हजेरी, ओळखपत्र आणि पीएफच्या पासबुकचे फोटो आपल्या मोबाईलमध्ये घ्या. कंपनीचं लॉगिन बंद झालं की हे मिळवणं अवघड जातं.
- कंपनी पॅकेज देत असेल तर वरचा हिशोब करून तुलना करा. पॅकेज जास्त असेल तर घ्यायला हरकत नाही. कमी असेल तर का घ्यायचं?
- दबावाखाली सही झालीच असेल, तर त्याच दिवशी किंवा शक्य तितक्या लवकर 'ही सही मर्जीनं केलेली नाही, राजीनामा मागे घेत आहे' असं लेखी कळवा. गप्प राहिलेले दिवस नंतर तुमच्याच विरोधात बोलतात.

नोकरी कशीही संपली, काढलं असो की सोडली असो, शिल्लक पगार कामाच्या दोन दिवसांत मिळाला पाहिजे. ग्रॅच्युइटीची मुदत ३० दिवसांची आहे.

दाद कुठे मागायची?

कंपनी जिथं आहे, तिथल्या कामगार आयुक्त कार्यालयात. कंपनी चाकणची असेल तर पुण्यात, वाळूजची असेल तर छत्रपती संभाजीनगरात. तिथला अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावून समेटाचा प्रयत्न करतो. अर्ज दिल्यापासून ४५ दिवसांत प्रश्न सुटला नाही, तर नोकरीवरून काढलेला कामगार थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाऊ शकतो. मुदत दोन वर्षांची आहे. जुन्या कायद्यात ती तीन वर्षं होती. 'गावाकडची कामं उरकली की बघू' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून अनेक जण विषय सोडून देतात. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकील मिळणाऱ्यांच्या यादीत औद्योगिक कामगाराचंही नाव आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

ईएसआयचं कार्ड असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त ९० दिवस सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळते. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ती लागू नाही. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून ती सध्या सुरू आहे का, हे ईएसआय कार्यालयात विचारून घ्या.

ऊसतोडीला निघालेल्या जोडीचा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो आणि तो बहुतेक वेळा उचलीच्या ओझ्याखालीच असतो. कंपनीतल्या नोकरीचा हिशोब कायद्यात लिहिलेला आहे. तो हातातून जातो एका सहीनं. म्हणून तुमच्या ओळखीतलं कुणी चाकण, रांजणगाव, वाळूजला असेल, तर त्याला हे आजच पाठवा, केबिनमध्ये बोलावणं येण्याआधी.