वाचकाकडून वाचकाकडे

एखादा ग्रंथ प्रसिद्ध झाला म्हणजे त्याचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार आपण सामान्यतः टीकाकारांकडे, पारितोषिक समित्यांकडे आणि अलीकडे जाहिरातींकडे सोपवून मोकळे होतो. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या मराठी वाचनव्यवहाराकडे शांतपणे पाहिले असता असे दिसते की, जे ग्रंथ पिढ्यानुपिढ्या घराघरांतून वाचले गेले, ते बव्हंशी एका वाचकाने दुसऱ्याच्या हाती विश्वासाने ठेवले म्हणूनच वाचले गेले. समीक्षकाची दृष्टी ग्रंथावर खिळलेली असते. शिफारस करणाऱ्याला मात्र ग्रंथ आणि माणूस या दोघांचीही ओळख असावी लागते. पुस्तक चांगले आहे एवढे सांगून त्याचे काम संपत नाही. ते तुमच्यासाठी, आज, अमुक कारणाने चांगले आहे, असे सांगून तो त्या पुस्तकाला जामीन राहतो. ही परंपरा आपल्याकडे कशी रुजली, आज ती कोणत्या अवस्थेत आहे आणि ती पुढे चालावी म्हणून आपण काय करावयास हवे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या परंपरेचा पाया सार्वजनिक ग्रंथालयांनी घातला. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 मधील, अहमदनगरचे जिल्हा वाचनालय 1838 मधील, तर नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 मधील. 1848 मध्ये पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी स्थापन झाली. आज आपण तिला पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखतो. त्या कार्यात पुढाकार घेणारे लोकहितवादी त्याच वर्षी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून आपली शतपत्रे लिहू लागले होते, हा योगायोग नव्हे. ज्या समाजाला ज्ञानाची निकड पटवून द्यावयाची, त्याच्या हाती पुस्तकही ठेवले पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. पुढे 1893 मध्ये ठाण्यास ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या उद्योगाने मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, पाच वर्षांनी मुंबईत तशीच संस्था निघाली आणि 1922 मध्ये निजामाच्या हैदराबादेतही मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण करून स्वतंत्र ग्रंथालय खाते निर्माण केले. या खात्याने पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठविल्या. ज्याला पुस्तकापर्यंत येता येत नाही त्याच्यापर्यंत पुस्तक जावे, ही कल्पना सरकारी दप्तरात इतक्या लवकर रुजली, ही त्या काळाच्या मानाने असामान्य गोष्ट होती.

परंतु कपाटे, दाखल-नोंदी आणि वर्गणीच्या पावत्या म्हणजे ग्रंथालय नव्हे. देवघेवीच्या खिडकीपलीकडे बसलेला ग्रंथपाल, सभासदाने परत केलेले पुस्तक हाती घेताना त्याचा अभिप्राय विचारतो आणि त्यावरून पुढचे पुस्तक सुचवितो, तेव्हाच त्या वास्तूत प्राण येतो. ज्या गावी असा ग्रंथपाल लाभला, त्या गावी वाचकांची एक अख्खी पिढी घडली; जेथे तो लाभला नाही, तेथे उत्तम संग्रहही कुलूपबंद राहिला.

ग्रंथालयांच्या जोडीने हे कार्य नियतकालिकांनी उचलले. 1867 मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने नव्या ग्रंथांच्या परीक्षणास प्रतिष्ठेचे स्थान दिले, आणि 1874 मध्ये निघालेल्या ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी स्वभाषेतील ग्रंथांकडे अभिमानाने व चिकित्सेने पाहण्याची दृष्टी दिली. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दरसाल सणाच्या फराळासोबत नव्या लेखकांशी परिचय करून घेण्याची वहिवाटच मराठी घरात पडली. 1964 मध्ये केशवराव कोठावळे यांनी सुरू केलेले ‘ललित’ मासिक तर मुख्यतः ग्रंथप्रेमी वाचकासाठीच होते; जिल्ह्याच्या ठिकाणी पुस्तकांचे एखादेच दुकान असलेल्या वाचकाला कोणते पुस्तक मागवावे, याचा भरवसा त्या पानांतून मिळत असे.

स्वतःच्या वाचनाचा मोकळा वृत्तांत इतरांना सादर करणाऱ्या लेखकांचे ऋण याहूनही मोठे आहे. गोविंदराव तळवलकर यांनी ‘वाचता वाचता’मधून इतिहास, राजकारण आणि चरित्र या क्षेत्रांतील इंग्रजी ग्रंथांचा जो परिचय करून दिला, त्यामुळे ज्यांना ते ग्रंथ दुर्लभ होते अशा वाचकांपुढेही जगाचे वैचारिक दालन खुले झाले. सतीश काळसेकर यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ या ग्रंथास 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. पुस्तकांबरोबरच पुस्तके मिळवून देणारे मित्र, दुकाने आणि लघुनियतकालिके यांनाही तेथे सन्मानाने स्थान मिळाले आहे. निरंजन घाटे यांचे ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ हे पुस्तक, ज्या लोकप्रिय व शास्त्रीय वाङ्मयाकडे विद्वान सहसा पाहत नाहीत, त्याचीही वाट दाखविते. हे तिघेही उपदेशकाच्या भूमिकेतून बोलत नाहीत. आपण काय वाचले आणि त्याने आपणांस काय दिले, एवढेच निष्ठेने सांगतात, आणि म्हणूनच त्यांचा शब्द प्रमाण मानावासा वाटतो.

वाचकांच्या संघटित शक्तीचे सर्वांत ठसठशीत उदाहरण मात्र ‘ग्रंथाली’चे. 1974 मध्ये दिनकर गांगल प्रभृतींनी सुरू केलेल्या या वाचक चळवळीने सभासद वाचकांच्या बळावर पुस्तके काढली, ती अल्प किमतीत दिली आणि ग्रंथयात्रांच्या द्वारे गावोगाव नेली. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आणि लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ 1980 मध्ये तेथूनच प्रसिद्ध झाले. ज्या जीवनाकडे मध्यमवर्गीय वाचकाने तोवर पाठ फिरविली होती, ते जीवन त्याच्या घरात शिरले, आणि ‘हे तुम्ही वाचलेच पाहिजे’ असे एकमेकांस सांगणाऱ्या माणसांनी त्या ग्रंथांसाठी दारे उघडली. 1981 च्या ‘एक होता कार्व्हर’ची कथाही याच जातीची आहे, वीणा गवाणकरांचे हे चरित्र शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आणि पालकांनी मुलांना दिले, त्यामुळेच त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या.

आजही प्रयत्न थांबलेले नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरातील भिलार 2017 मध्ये पुस्तकांचे गाव झाले, आणि तेथे घरांच्या ओसऱ्यांवर बसून कोणीही वाचू शकतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेतील पेट्या तर समुद्रापार मराठी कुटुंबांतही फिरतात. मोबाइलवरून पुस्तकांच्या याद्याही अहोरात्र फिरत असतात. परंतु त्यांतील एक उणीव मला अस्वस्थ करते. शंभर पुस्तकांची यादी सर्वांना उद्देशून असते, म्हणून ती कोणालाच उद्देशून नसते. तिच्यात पुस्तक असते, प्रशंसा असते, पण समोरचा माणूस नसतो, आणि यादी पाठविणाऱ्याने ती पुस्तके वाचली आहेत, याची हमीही नसते.

म्हणून माझ्या मेजावर सध्या असलेल्या काही पुस्तकांविषयी, ती कोणासाठी, हे सांगूनच लिहितो. धरण म्हणजे केवळ पाण्याचे आणि विजेचे आकडे, असे ज्यांना वाटते, त्यांनी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ अवश्य वाचावी; गाव पाण्याखाली गेल्यावर माणसांबरोबर मुक्या जनावरांचेही काय होते, हे तिने ज्या करुणेने दाखविले आहे, ते कोणत्याही अहवालात सापडणार नाही. ज्याच्यापाशी सवड आणि चिकाटी आहे, त्याने रंगनाथ पठारे यांचे ‘सातपाटील कुलवृत्तांत’ हाती घ्यावे. एका कुळाच्या निमित्ताने शतकानुशतकांचा महाराष्ट्र त्यात उलगडतो, परंतु नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला मात्र एवढा विस्तीर्ण ग्रंथ देऊ नये. त्या मुलाला, विशेषतः इतिहास रुक्ष वाटत असल्यास, गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ द्यावा. दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेस निघालेला वरसईचा ब्राह्मण 1857 च्या वणव्यात सापडतो आणि झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहतो, ही हकीकत कोणत्याही कादंबरीपेक्षा रोमांचकारी आहे. आणि शहरात चौथ्या मजल्यावर राहून ज्याचा ऋतूंशी संबंध तुटला आहे, त्याने दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ दर महिन्यास एक प्रकरण या क्रमाने वाचावे.

हा शिरस्ता प्रत्येक ग्रंथालयाने अंगीकारावा, अशी माझी विनंती आहे. दिवाळी अंक योजनेच्या निमित्ताने एरवी न येणारे सभासदही दिवाळीच्या दिवसांत ग्रंथालयात येतात; तेव्हाच याची सुरुवात करावी. देवघेवीच्या खिडकीपाशी मागणी-वहीच्या शेजारी एक शिफारस-वही ठेवावी. तिच्यात पुस्तकाचे नाव, ते कोणास द्यावे, का द्यावे आणि सांगणाऱ्याचे नाव, एवढे चारच रकाने असावेत. जो नाव लिहील, त्याने ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलेले असावे, आणि कोणी ते वाचून आल्यास त्याच्याशी बोलण्यास त्याने सिद्ध असावे. अनुदाने, इमारती आणि उत्सव यांची आवश्यकता मी नाकारीत नाही. पण वाचलेल्या पुस्तकासाठी स्वतःचे नाव पुढे करणारी पाच-पंचवीस माणसे ज्या गावात आहेत, त्या गावात वाचन कमी झाल्याची तक्रार करण्याची वेळ येणार नाही, असा माझा दृढ विश्वास आहे.