गोठ्यातील रसायन – लेखांक सहावा : सडव्यातले किण्व, उकिरड्यातला नत्र

गोमूत्रातील युरियाची हकीकत आपण गेल्या आठवड्यात अर्ध्यावर सोडली होती. शेणातील जिवाणूंचे युरिएज नावाचे विकर त्या युरियाला भेटले की काही तासांतच अमोनिया सुटू लागतो, मिश्रण अल्कधर्मी होते, आणि पहाटे गोठ्याचे दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांना झोंबणारा तो वायू, म्हणजे वस्तुतः धानाच्या बांधीला मिळावयाचा नत्र, बिनबोभाट फरारी होतो; पुढे रोवणीनंतर तोच नत्र गोंदियाच्या शेतकऱ्याला युरियाच्या पोत्यातून रोख दाम मोजून घरी आणावा लागतो.

हा ऐवज अडवून धरण्याचे सामर्थ्य किण्वाच्या, म्हणजे पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या, अंगी आहे. साखर, किण्वाची राख आणि अमोनियाचा एखादा क्षार एवढ्या शिदोरीवर किण्व वाढते व त्या अमोनियातील नत्रापासून स्वदेहाची प्रथिने घडविते, हे लुई पाश्चरने १८६० च्या सुमारास सप्रमाण दाखविले. पाश्चरचे नावही न ऐकलेला हातभट्टीवाला मोहफुलांच्या वा गुळाच्या सडव्यात नवसागर टाकतो, तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. (अबकारीच्या पंचनाम्यांत रसायनशास्त्राचे असे किती धडे निमूट पडून असतील, कोण जाणे!)

सडव्यात साखर मुबलक आणि अमोनिया वरून घालावा लागतो. उकिरड्यात अमोनिया मुबलक, पण साखर नाही. तणसातील सेल्युलोज सामान्य किण्वाला पचत नाही. म्हणून नुसती यीस्टची पुडी शेणावर रिकामी करणे हा माझ्या मते पैशाचा अपव्यय होय. काकवी किंवा गुळाचे पाणी सोबत दिले, तर मात्र किण्व आणि त्याच्या सहवासातील दुग्धाम्ल जिवाणू मिळून मिश्रण आंबवितात, आणि खरी मात येथेच होते: साधारण २५ अंश तापमानाला, पीएच ९ असता द्रावातील अमोनियाचा तृतीयांशाहून अधिक हिस्सा वायुरूप होण्यास मोकळा असतो, तर पीएच ७ ला तो शेकडा एकाहूनही कमी उरतो, बाकी सारा अमोनियम होऊन द्रावातच जखडला जातो. सुभाष पाळेकरांच्या जीवामृतात दहा किलो शेणामागे दोन किलो गूळ पडतो, तो अर्थात जमिनीतील जिवाणूंच्या वृद्धीसाठी. परंतु शेण आंबविण्यास गोडाची गरज असते, ही गोष्ट विदर्भाला त्यामुळे परकी राहिलेली नाही.

जिवंत यीस्ट गुरांच्या खाद्यातही देतात. तो विषय रवंथाचा, म्हणून पुढील लेखांकाचा.

तथापि पहिला मान तणसालाच. मूत्र शोषून घेणारे तणसाचे अंथरूण आणि उकिरड्यावर सावली, एवढी तजवीज झाल्यावाचून गुळावर खर्च करू नये. मोहफुले तर घरच्या उत्पन्नाची वस्तू. पण अवकाळी पावसात भिजून बाजारातून उठलेली फुले पाण्यात आंबवून एखाद्या लहान ढिगावर शिंपावीत, शेजारी तेवढाच ढीग कोरा ठेवावा, आणि दोहोंवर ओला तांबडा लिटमस धरून कोणता आधी निळा होतो ते पाहावे.