पडून राहिल्याने दिवस भरतात का?

शिक्षकांच्या खोलीत हे नेहमी ऐकू येते : अमुक बाईंना डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आहे, आता बाळंतपण झाल्यावरच शाळेत येतील. गर्भाशयमुख वेळेआधी आखूड होऊ लागले, किंवा आधीचे बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले असेल, तर खाटेवर पडून राहावे, हा सल्ला आपल्याला इतका पटतो की त्याला पुरावा मागावा असे सुचतही नाही. उभे राहिले की बाळाचा भार खाली येणार, आडवे झाले की हलका होणार, असा हा साधा हिशेब.

पण कळा नुसत्या भाराने सुरू होत नाहीत. जंतुसंसर्ग, दाह, जुळ्यांमुळे गर्भाशयाला बसणारा ताण, वारेतील बिघाड अशा कारणांनी शरीरात रासायनिक बदल घडतात. त्यांनी गर्भाशयमुख मऊ पडते आणि स्नायू आकुंचन पावू लागतात. (३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म मुदतपूर्व मानतात. २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, म्हणजे दहातले एक.)

अमेरिकेत गर्भाशयमुख आखूड असलेल्या ६५७ पहिलटकरणींची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. हालचाल कमी करायला सांगितलेल्यांपैकी ३७ टक्के स्त्रिया मुदतीआधी बाळंत झाल्या, इतरांपैकी १७ टक्के. इथे वर्गातल्या चुणचुणीत मुलीने हात वर करायला हवा : "ज्यांना धोका जास्त, त्यांनाच विश्रांती सांगितली असेल ना?" शंका रास्त आहे. संशोधकांनी असे माहीत असलेले फरक हिशेबात धरले, तरी तफावत उरली. पण नजरेतून सुटलेल्या फरकांचे काय?

त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडावे लागतात. झिंबाब्वेतील हरारे येथे जुळी असलेल्या गर्भवतींवर असा प्रयोग झाला, तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात विश्रांतीसाठी ठेवलेल्यांमध्ये मुदतपूर्व प्रसूती कमी व्हायच्या, त्या जास्तच झाल्या. एकच बाळ असलेल्या १,२६६ स्त्रियांच्या लॉस एंजेलिसमधील प्रयोगात प्रमाण ७.९ आणि ८.५ टक्के निघाले. म्हणजे फरक नाहीच.

उलट पडून राहिल्याने स्नायू झिजतात, हाडे विरळ होतात, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गरोदरपणात तो मुळातच जास्त असतो. पगार बुडतो तो वेगळाच. आणि एवढे करूनही बाळ लवकर आले, तर "तूच उठलीस म्हणून" हे ऐकावे लागते. मला तरी यातले हेच सर्वांत वाईट वाटते.

मग भरल्या दिवसांत हंडे वाहावेत का? मुळीच नाही. पुण्याजवळच्या सहा गावांतील अभ्यासात (२००३) पाणी भरणे, धुणे, शेतकाम यांचे श्रम जास्त, तिथे बाळाचे वजन कमी आढळले. जड श्रमांतून सुटका आणि खाटेला खिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रक्त जात असेल किंवा पाणी गेले असेल, तर तो निर्णय डॉक्टरांचाच. गर्भाशयमुख आखूड असेल, तर आज प्रोजेस्टेरॉन देतात, काहींना टाका घालतात. विश्रांती सांगितली, तर एवढे जरूर विचारावे : नेमके काय करायचे नाही, किती दिवस, आणि कशासाठी?