गाणं दुप्पट वेगात वाजवा

कमी पैशांत गाण्याचा व्हिडिओ करायचा म्हटलं की आधी कॅमेऱ्याच्या किमतीची चर्चा निघते. पण पडद्यावरची बरीचशी जादू चित्रं टिपण्याचा वेग आणि ती दाखवण्याचा वेग यांतल्या फरकातून येते, आणि हा फरक फुकट मिळतो. दादासाहेब फाळके यांनी 1912 च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अवकाशाने एकेक चौकट टिपून चित्रित केली. कित्येक दिवसांची वाढ पाहता पाहता पडद्यावर उलगडली. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवताना हीच छोटी फीत त्यांच्या कामी आली.

हाच हिशोब गाण्यासाठी उलटा फिरवता येतो. मोबाइलवर सेकंदाला 50 चौकटी टिपून 25 च्या वेगाने दाखवल्या की हालचाल निम्म्या वेगाची होते. मग ओठ गाण्याशी कसे जुळणार? चित्रीकरणाच्या वेळी स्पीकरवर गाणं दुप्पट वेगात लावायचं आणि गायकाने त्या लयीत ओठ हलवायचे. पडद्यावर ओठ मूळ चालीवर येतात. ओढणी, केस आणि पायाखालची धूळ मात्र संथच राहते. काळ दुप्पट ताणला की दिसणारा प्रवेग पावपटीवर येतो. म्हणून उडालेली माती, गुरुत्वाकर्षण चौथा हिस्साच उरल्यासारखी, तरंगत खाली येते. चंद्रावर ते सुमारे सहावा हिस्सा असतं. दुप्पट लयीत गाणार कोण, ही शंका रास्त आहे. द्रुत लावणीला हा उपाय चालायचा नाही. संथ चालीचं गाणं घ्यावं, एका वेळी एकच ओळ टिपावी. प, ब, म म्हणताना मिटणारे ओठ तालावर आले की बाकीचं बरंचसं खपून जातं.

मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो, हा महागड्या कॅमेऱ्याच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे, पण तो मुख्यतः अंधाराला लागू पडतो. मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडसारख्या गावात उन्हाळ्याच्या दुपारी लाखभर लक्स प्रकाश असतो, तर रात्री घरातल्या दिव्याखाली साधारण शे-दोनशे. त्या उन्हात साध्या मोबाइललाही एका चौकटीसाठी सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. शिवाय 50 हर्ट्झच्या विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, त्यामुळे वेगवान चित्रणात पट्टे उमटतात. उन्हात ही अडचणच नाही. डोक्यावरचं ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळोख करतं, हे मात्र खरं. तेव्हा गायकाला सावलीच्या कडेला उभं करून समोर थर्माकोलचा पांढरा पत्रा धरावा, नाहीतर ऊन तिरपं होईपर्यंत थांबावं. तेव्हा जुन्या दगडी भिंतीवरचे टाकीचे घावसुद्धा उठून दिसतात. रात्रीचाच प्रसंग हवा असेल, तर तेवढ्यापुरता मोठा कॅमेरा भाड्याने आणावा.