पाणी बदललं की फेस बदलतो

औषध कंपनीत एमआर असलेल्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. महिन्यातले बरेच दिवस ते फिरतीवर असतात. आज नाशिक, उद्या जळगाव, पुढे अकोला, अमरावती. रोज डॉक्टरांसमोर उभं राहायचं असल्यामुळे दाढी चुकवता येत नाही आणि बॅगेत सॅम्पलच्या खोक्यांनी आधीच जागा खाल्लेली असते. दाढीचं कमीत कमी किती सामान बरोबर घ्यावं, असं त्यांनी विचारलं आहे. त्याखाली आणखी एक ओळ आहे : ‘घरी ज्या क्रीमला भरपूर फेस येतो, त्याच क्रीमला काही लॉजवर फेसच धरत नाही. उन्हात क्रीम खराब होत असेल का?’

ही दुसरी ओळ वाचून मला फार आनंद झाला, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात दडलेलं आहे. क्रीम चांगलंच आहे, गावागणिक पाणी बदलतं आहे. ब्रश आणि पात्याच्या दाढीत सगळ्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. ते नीट वापरलं तर बाकीचं सामान मुठीत मावतं.

आधी केसाचं बघू. दाढीचा कोरडा केस फार चिवट असतो. केराटिनच्या साखळ्या त्यात मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. गंधकाचे बंध पक्के असतात, हायड्रोजनचे कच्चे. केसात पाणी शिरलं की हे कच्चे बंध सुटत जातात. केस आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. याला दोन-तीन मिनिटं लागतात, कोमट पाण्यात त्याहून कमी. केसावर त्वचेतून पाझरलेला तेलकट थर असतो. तो पाण्याला आत जाऊ देत नाही, म्हणून आधी साध्या साबणाने चेहरा धुतलेला चांगला. पुढे फेस चढवायचा तो मुख्यतः केसात शिरलेलं पाणी उडून जाऊ नये आणि पातं घसरत जावं म्हणून.

आपल्याकडे दाढी आधी आणि अंघोळ नंतर, असा क्रम घरोघरी पाळला जातो. केसाच्या दृष्टीने तो उलटा आहे. अंघोळीनंतर दाढी भिजून मऊ झालेली असते आणि पातं अलगद फिरतं. ज्यांना जुना क्रम मोडवत नाही त्यांनी टॉवेलचं टोक गरम पाण्यात बुडवून, पिळून, दोन मिनिटं गालावर धरावं. कुठलंही महागडं ‘प्री-शेव्ह’ तेल या दोन मिनिटांची जागा घेऊ शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फेसाकडे येऊ. दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचा पोटॅशियम क्षार. कपडे धुण्याची वडी सोडियमची असते, म्हणून कडक. पोटॅशियमचा साबण मऊ असतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. क्रीमच्या नळीवर घटकांची यादी वाचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइड बहुधा सापडेलच. हा साबण धरणाच्या किंवा तलावाच्या पाण्यात टाकला की भरभरून फुलतो, कारण त्या पाण्यात विरघळलेले क्षार थोडे असतात. बोअरचं पाणी दख्खनच्या बेसॉल्टच्या भेगांतून झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, भूजल मुळातच खारट आहे. अशा पाण्यात कॅल्शियमचा एक आयन स्टिअरेटचे दोन आयन पकडतो आणि पाण्यात न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. ब्रशला चिकटणारा आणि बेसिनवर कडं धरणारा थर तो हाच. पाण्यातलं सगळं कॅल्शियम असं साबण खाऊन संपेपर्यंत फेस येतच नाही. ज्या विहिरीच्या पाण्यात तूरडाळ तासभर ठेवूनही शिजत नाही, त्याच पाण्यात साबणही हार मानतो. कारणही एकच आहे : तिथे कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनला घट्ट धरून बसतं.

इथे मला टॉमस क्लार्क या माणसाविषयी बोललंच पाहिजे. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनच्या मॅरिशल कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, मोजायची त्यांची रीत इतकी सुंदर आहे की ती शाळेत प्रत्येक मुलाने एकदा तरी करून पाहावी. पाण्याचा ठरावीक नमुना बाटलीत घ्यायचा, त्यात ठरावीक ताकदीचं साबणाचं द्रावण थोडंथोडं घालत बाटली हलवायची आणि टिकाऊ फेस यायला किती साबण लागला ते मोजायचं. जेवढा साबण जास्त, तेवढं पाणी जड. कुठलंही महाग उपकरण नाही, फेस हाच काटा. जडपणाच्या ब्रिटिश एककाला आजही क्लार्कचा अंश म्हणतात.

ते मोजण्यावर थांबले नाहीत. १८४१ साली त्यांनी पाणी हलकं करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ती ऐकायला अगदी उलटी वाटते : चुन्यामुळे जड झालेल्या पाण्यात आणखी चुना घालायचा! अशा पाण्यात कॅल्शियम बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. चुन्याची निवळी घातली की तिचं आणि पाण्यातलं, दोन्ही कॅल्शियम न विरघळणारं कार्बोनेट बनून खाली बसतं. प्रमाण मात्र अचूक लागतं. जगभरच्या जलशुद्धीकरण केंद्रांत आजही चुन्याने पाणी हलकं करतात, पण या माणसाचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कुठे आढळलं नाही, याची खंत वाटते. दाढीचा ब्रश फिरवणारा प्रत्येक माणूस रोज सकाळी क्लार्कचाच प्रयोग करत असतो.

लॉजवर चुना लागत नाही. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा पाणी उकळल्यानेही बराच जातो. खोलीत विजेची किटली असेल तर तिच्या तळाकडे पाहा. पांढरा कडक थर दिसला तर पाणी जड आहे आणि उकळल्यावर त्यातलं कॅल्शियम किटलीत मागे राहतं, या दोन्ही गोष्टी एका नजरेत कळतात. पाणी उकळा, थोडं निवू द्या, वरचं पाणी अलगद कपात ओता आणि त्यात ब्रश भिजवा. किटली नसेल तर पिण्याचं आरओचं पाणी अर्धा कप पुरतं, कारण त्यातले क्षार आधीच काढलेले असतात. तोंड धुवायला नळाचं पाणी चालेल, फेसासाठी तेवढं हलकं पाणी वापरा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्याला योग्य ठरलेलं पाणीही फेसाला पुरेसं हलकं असेलच असं नाही.

साबण कोणता घ्यावा? कांडीच्या रूपातला. ओल्या गालावर ती चार वेळा घासायची आणि ब्रश फिरवायचा. वाटी लागत नाही, नळी फुटून शर्टांवर सांडायची भीती नाही. परदेशी जाणाऱ्यांना आणखी एक फायदा आहे. २००६ नंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांत द्रव आणि जेल हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या बाटलीपुरते मर्यादित झाले. क्रीम त्यात धरतात, घट्ट कांडी धरत नाहीत.

पात्याबद्दल जाहिराती खूप बोलतात. दोन पात्यांचा रेझर १९७१ मध्ये आला, तीन पात्यांचा १९९८ मध्ये, पाच पात्यांचा २००६ मध्ये. पहिलं पातं केस किंचित ओढून धरतं, मागचं तो आणखी खालून कापतं, हे तत्त्व खरं आहे. पण तसा कापलेला केस त्वचेच्या पातळीखाली जातो आणि कुरळा असेल तर वाढताना आतच वळतो. मानेवर पुळ्या येणाऱ्या पुष्कळांचा त्रास इथून सुरू होतो. भिजलेल्या दाढीला एक चांगलं पातं पुरतं.

ते एक पातं बनवणं मात्र सोपं नव्हतं. किंग जिलेट यांना फेकून देण्याजोग्या पात्याची कल्पना १८९५ मध्ये सुचली, पण पोलादाची इतकी पातळ पट्टी कडक करताना ती वाकडी होई. हे कोडं विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवलं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढे खोक्यांवर जिलेट यांचा चेहरा झळकला आणि निकरसन मागे राहिले.

निकरसन शिकले त्या एमआयटीतच २०२० मध्ये या पात्याचं दुसरं कोडं उलगडलं. पोलाद केसाच्या सुमारे ५० पट कठीण असतं, मग केसाने पातं बोथट कसं होतं? जानलुका रोशोली या संशोधक विद्यार्थ्याने स्वतः दाढी करून दर वेळी पात्याची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. धार झिजून गोल झालेली फारशी दिसली नाही, तिचे बारीक टवके उडाले होते. पोलादाची सूक्ष्मरचना सगळीकडे सारखी नसते. केस वाकून कलता आदळला आणि नेमका धारेच्या कमजोर जागी आदळला की ताण तिथे एकवटतो आणि टवका निघतो. हा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. पातं पुसून, तेल लावून, गंज टाळून त्याचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढवण्याच्या ज्या युक्त्या सांगतात, त्यांच्याकडे यानंतर जरा संशयाने पाहायला हवं. गाल ओढला जातोय असं वाटलं की पातं बदलावं. सुटी पाती विमानात केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, पण दुधारी पात्याचं पाकीट तालुक्याच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. कार्ट्रिज तिथे मिळेलच असं नाही. म्हणून फिरतीवरच्या माणसाला मी जुना दुधारी रेझरच सुचवतो.

ब्रशची गोष्ट थोडी भयंकर आहे. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावासाठी मुखवटे आले. दाढी वाढलेली असली की मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसेना, त्यामुळे रोजची दाढी हा सैनिकाच्या जिवाचा प्रश्न झाला. अमेरिकी सरकारने सैन्यासाठी ३५ लाखांच्या आसपास रेझर घेतले. ब्रशसाठी बॅजर या प्राण्याचे केस लागत, पण युद्धाने त्यांची आवक तुटली. मग घोड्याच्या आयात केसांपासून नकली ब्रश निघाले, आणि त्यातले बरेच नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्या केसांत अँथ्रॅक्सचे बीजाणू होते. हे बीजाणू कोरड्यात वर्षानुवर्षं तग धरतात. पात्याने खरवडलेल्या गालावर तोच ब्रश घासला की त्यांना आत शिरायला वाट मिळे. युद्धकाळात आणि नंतरच्या काही वर्षांत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशी दोनशेहून अधिक माणसं आजारी पडली, कित्येक दगावली. अगदी नवाकोरा, चकचकीत ब्रश मृत्यू घेऊन येत होता.

आजच्या ब्रशांना ती भीती नाही. तरी प्रवासाला कृत्रिम तंतूंचा ब्रश घ्यावा, कारण हे तंतू पाणी पीत नाहीत आणि झटकले की लवकर वाळतात. ओला ब्रश प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून पुढच्या गावी नेऊ नका. ओलावा कोंडला की बुरशी धरते. वेळ नसेल तर तो रुमालात सैल गुंडाळावा आणि मुक्कामी पोचताच उघड्यावर ठेवावा.

राहिली तुरटी. ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन धनभार असतात. शुल्झ आणि हार्डी या शास्त्रज्ञांनी दाखवलं की आयनाचा भार वाढला की ऋणभारित कणांना साकळवण्याची त्याची ताकद प्रचंड वेगाने वाढते. सैद्धांतिक हिशेबाने तीन भारांचा आयन एका भाराच्या आयनाहून ७२९ पट प्रभावी ठरतो. आषाढातलं गढूळ पाणी निवळवणारी तुरटी गालावरच्या बारीक कापावरचं रक्त थांबवते त्यामागे याच भारांचं बळ आहे : तिथे मातीचे कण साकळतात, इथे प्रथिनं. आफ्टरशेव्हची काचेची बाटली घरीच ठेवा, बोराएवढा खडा पुरे. वापरून झाल्यावर तो पुसून कोरड्या डबीत टाका, नाहीतर विरघळून चिकट होतो. आणि हा खडा खोलीतल्या सोबत्याला कितीही आग्रहाने मागितला तरी देऊ नका, सलूनमध्येही दुसऱ्याच्या गालावर फिरलेला खडा आपल्या गालावर फिरवू देऊ नका. तो उघड्या जखमेवर घासला जातो आणि त्याच्यावर राहिलेलं रक्त कोणाचं आहे हे पाहून कळत नाही.