फिरत्या चिन्हाचं गणित

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर जुनं महाराष्ट्र सदन आहे आणि जवळच मंडी हाउसला दूरदर्शन भवन. कम्प्युटर ग्राफिक्स, म्हणजे आकड्यांतून चित्र उभं करण्याची विद्या, शिकायला आपण दिल्लीत आला असाल, तर पहिला सराव दूरदर्शनच्या चिन्हावर करा. देवाशिष भट्टाचार्य यांनी ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विद्यार्थी असताना रेखाटलं. आर. एल. मिस्त्री यांनी त्याच्या प्रती कॅमेऱ्याखाली फिरवत ते पडद्यावर आणलं. तेच आता संगणकावर करायचं.

आधी चिन्ह आलेखाच्या कागदावर काढा. वळणांवरचे बिंदू निवडून प्रत्येकाचा क्ष आणि य लिहून ठेवा. हे बिंदू जोडायला बेझिए वक्र नावाची वक्ररेषा वापरतात. बिंदू थोडेच घ्या. जास्त घेतले की रेषा थरथरल्यासारखी दिसते.

आता फिरवणं. सूत्र शाळेतल्या साइन-कोसाइनचंच आहे, पण ते शून्यबिंदूभोवती फिरवतं. म्हणून चिन्हाचा मध्य आधी शून्यावर आणायचा, फिरवायचं, मग परत जागेवर न्यायचं. ही पायरी विसरली की चिन्ह स्वतःभोवती न फिरता पडद्याच्या कोपऱ्याभोवती घिरट्या घालतं.

सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) धरल्या, तर तीन सेकंदांच्या फेरीला ७५ चौकटी लागतात. दर चौकटीला ४.८ अंश. बहुतेकजण इथेच अडकतात. प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषा कोन रेडियनमध्ये मागतात. ४.८ तसाच दिला, तर चिन्ह दर चौकटीला सुमारे २७५ अंशांची उडी मारतं. अंशांना १८० ने भागून पायने (π) गुणा. पडद्यावर य वरून खाली वाढतो, त्यामुळे चिन्ह उलटं फिरलं तर घाबरू नका, कोनाचं अधिक-उणे बदला.

आणखी एक चूक उशिरा कळते. मागच्या चौकटीचं तयार चित्रच पुढे फिरवत राहिलं, तर ते दर वेळी थोडं पुसट होत जातं. प्रत्येक चौकट मूळ बिंदूंपासूनच काढा.

शेवटी रंग. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा चौकोनी ठिपका. कडेवरचा ठिपका पूर्ण रंगवला किंवा पूर्ण सोडला, तर कड करवतीसारखी दिसते. ठिपक्याच्या आत १६ जागा तपासा. सहा आकारात पडल्या, तर ६/१६ रंग भरा. या गुळगुळीत करण्याला अँटी-अलियासिंग म्हणतात. पहिल्यांदा ते जमतं तेव्हा होणारा आनंद फार खरा असतो.

मंडी हाउसहून मेट्रोची व्हायलेट लाइन, केंद्रीय सचिवालयाला यलो लाइन, मग हौज खास आणि आयआयटी: या वाटेवर वहीत दोन बिंदूंची आकडेमोड सहज होते. प्रयोगशाळेत रात्रभर रेंडर, म्हणजे चित्र काढण्याचं काम, लावण्याआधी लहान आकारात पाचच चौकटी काढून पाहा. त्या बरोबर आल्या की मगच ब्लेंडर हे ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर उघडा.