खिडक्या मोजणारा कर

सर्वांना सारखा कर म्हणजे न्याय्य कर, असं आपण सहज म्हणून जातो. पण 'सारखा' आणि 'न्याय्य' यांत बरंच अंतर आहे.

इमारतीला रंग द्यायचं ठरतं. सेक्रेटरी सांगतात, "घरटी पाच हजार रुपये." तळमजल्यावरचे व्यापारी तिथल्या तिथे पैसे काढून देतात. तिसऱ्या मजल्यावरच्या, तुटपुंज्या पेन्शनवर राहणाऱ्या आजी मात्र गप्प होतात. रक्कम दोघांना एकच. पण एका घरात तिने काहीच बिघडत नाही, दुसऱ्या घरात महिन्याचं गणित कोलमडतं. मग ही वाटणी न्याय्य म्हणायची का?

देशाच्या तिजोरीबाबत हाच प्रश्न स्कॉटलंडचे अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांनी हाताळला. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात त्यांनी चांगल्या कराच्या चार कसोट्या सांगितल्या.

चार कसोट्या

पहिली कसोटी समानतेची. पण स्मिथ यांच्या लेखी समानता म्हणजे सारखी रक्कम नव्हे. राज्याच्या संरक्षणाखाली ज्याला जितकं उत्पन्न मिळतं, त्या प्रमाणात त्याने कर द्यावा. दुसरी कसोटी निश्चिततेची. किती, केव्हा आणि कसा भरायचा हे प्रत्येकाला आधी स्पष्ट कळायला हवं. नाहीतर माणूस वसुली करणाऱ्याच्या मर्जीवर जगतो. तिसरी सोयीची. हातात पैसा येतो तेव्हाच कर मागावा. चौथी काटकसरीची. लोकांच्या खिशातून निघालेल्या पैशातला शक्य तितका भाग तिजोरीत पडावा, वसुलीच्या खर्चातच संपू नये.

या चार गोष्टी वाचायला सोप्या आहेत. त्या मोडल्या की काय होतं, याचं उदाहरण स्मिथ यांच्या डोळ्यांसमोरच होतं.

उजेडावर कर

इंग्लंडमध्ये १६६२ साली चुलीवर कर बसला. घरात चुली आणि शेकोट्या किती, हे मोजायला अधिकारी थेट खोल्याखोल्यांत शिरत. लोक संतापले आणि १६८९ मध्ये तो रद्द झाला. मग १६९६ मध्ये नवी युक्ती निघाली. खिडक्या मोजायच्या! त्या रस्त्यावरूनही दिसतात, आत शिरायचा प्रश्न नाही. शिवाय ज्याचं घर मोठं, त्याच्या खिडक्या जास्त. म्हणजे श्रीमंतच जास्त भरणार, असा हिशेब.

हिशेब चुकला. स्मिथ यांनी दाखवून दिलं, की खेड्यातल्या दहा पौंड भाड्याच्या घराला लंडनमधल्या पाचशे पौंड भाड्याच्या घरापेक्षा जास्त खिडक्या असू शकतात. म्हणजे ऐपत कमी असलेल्यावर बोजा जास्त. लोकांनी मग सरळ खिडक्या विटांनी बुजवल्या. शहरांत अनेक गरीब कुटुंबं एकाच मोठ्या इमारतीत भाड्याने राहत. कर अख्ख्या इमारतीवर, म्हणून मालक खिडक्या बंद करत आणि भाडेकरू अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत आजारी पडत. डॉक्टरांनी आवाज उठवला. तरी हा कर १८५१ पर्यंत टिकला.

चूक कर घेण्यात नव्हती. ऐपत मोजायची सोडून खिडक्या मोजल्या, ही चूक होती.

मीठ आणि साबण

गरजेच्या वस्तूंवरच्या करातही हाच धोका असतो. मीठ श्रीमंत काही गरिबाच्या दसपट खात नाही. त्यामुळे मिठावरचा कर गरिबाच्या कमाईतून मोठा लचका तोडतो. म्हणूनच १९३० मध्ये दांडीला आणि आपल्या शिरोड्याला लोकांनी मूठभर मिठासाठी कायदा मोडला.

आजही हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली करमुक्त होती, पण सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता. महिलांनी विचारलं, यातली गरज कोणती? जुलै २०१८ मध्ये तो कर काढून टाकण्यात आला. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांच्यावरचा १८ टक्के कर ५ टक्क्यांवर यायला मात्र सप्टेंबर २०२५ उजाडला.

यातून आणखी एक गैरसमज दूर व्हावा. "कर आम्ही नोकरदार भरतो, बाकीच्यांना सगळं फुकट," असं जेवणाच्या टेबलावर सर्रास ऐकू येतं. आयकर मोजके लोक भरतात हे खरं. पण आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी साबणाची वडी घेतात तेव्हा आपल्याइतकाच कर देतात, तोही आपल्यापेक्षा कितीतरी लहान कमाईतून.

तेव्हा नवा कर लागला की नुसतं "किती टक्के?" असं विचारू नका. तो कोणाच्या ऐपतीवर पडतो, समजेल असा आहे का, भरायला सोयीचा आहे का आणि वसुलीतच वाया तर जात नाही ना, हेही विचारा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या या कसोट्या इमारतीच्या वर्गणीलाही लावून पाहा. कदाचित तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं गप्प होणं तेव्हा सेक्रेटरींनाही ऐकू येईल.